विश्लेषण : अमली पदार्थांचा अड्डा झालेल्या घराला टाळे… ब्रिटनची ‘क्लोजर ऑर्डर’ कशी चालते? ती कोणाला वाचवते, कोणाला रस्त्यावर आणते?

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराची बेल रात्री दोनला वाजते. मग अडीचला, मग पावणेतीनला. जिन्यावर अनोळखी पावले, दबक्या आवाजातले बोलणे, खाली कोणाची तरी सुरूच ठेवलेली गाडी. सकाळी पायऱ्यांवर जळक्या फॉइलचे तुकडे सापडतात, कधी सुई. पोलिसांना फोन केला तर गस्तीची गाडी येईपर्यंत जिना रिकामा झालेला असतो. असे महिनोन्‌महिने चालते. इंग्लंडमधील भाड्याच्या वसाहतींत राहणाऱ्या अनेकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. मुंबई, पुणे, नाशिकच्या वाचकांनाही ते फारसे परके वाटू नये.

फरक पुढे आहे. तिथे एके दिवशी त्या दारावर एक कागद चिकटवला जातो. दोन दिवसांत दंडाधिकाऱ्यांपुढे सुनावणी होते आणि त्यानंतर दारे-खिडक्यांवर पोलादी पत्रे ठोकले जातात. पुढचे तीन महिने त्या घरात पाऊल ठेवणे हा गुन्हा ठरतो, कधी कधी तिथे राहणाऱ्या माणसासाठीही. कोणावर आरोप सिद्ध झालेला नसतो, कदाचित कोणाला अटकही झालेली नसते. तरीही घर बंद होते. हा आदेश म्हणजे ‘क्लोजर ऑर्डर’. तो शेजाऱ्यांना झोप मिळवून देतो हे खरे. पण बंद दाराआड राहणारा माणूस प्रत्येक वेळी गुन्हेगारच असतो असे नाही, आणि या कायद्यातली खरी अडचण तिथेच आहे.

हा कायदा आला कुठून?

ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात क्रॅक कोकेनचा प्रसार वाढला, तसे ‘क्रॅक हाऊस’ हे शब्द वस्तीपातळीवरच्या तक्रारींत दिसू लागले. छापा घातला की दोन-चार जण पकडले जायचे, काही दिवसांनी तेच घर पुन्हा सुरू. विक्रेता बदलला तरी पत्ता तोच राहायचा आणि गिऱ्हाइकांना तो पाठ असायचा. त्यामुळे माणसाऐवजी पत्त्यावरच कारवाई करण्याची कल्पना पुढे आली. २००३च्या समाजविघातक वर्तनविरोधी कायद्याने पोलिसांना तो अधिकार दिला आणि जानेवारी २००४पासून तो अमलात आला. सुरुवातीला तो कोकेन, हेरॉइनसारख्या ‘अ’ वर्गातील अमली पदार्थांपुरता होता. २००८ मध्ये सततच्या उपद्रवामुळे शेजाऱ्यांचे जगणे अवघड करणारी घरेही त्याच्या कक्षेत आणली गेली.

सध्या इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू आहे तो २०१४चा समाजविघातक वर्तन, गुन्हे आणि पोलीस कायदा. त्याच्या कलम ७६ ते ९३ मध्ये ही सारी व्यवस्था आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तो २००४चा. २०१४च्या बदलाने दोन मोठ्या गोष्टी झाल्या. अमली पदार्थाच्या वर्गाची अट गेली आणि अमली पदार्थांच्या अड्ड्यांबाबतही पोलिसांबरोबरच स्थानिक कौन्सिललाही, म्हणजे आपल्याकडच्या महापालिका-नगरपालिकेसारख्या संस्थेलाही, नोटीस काढता येऊ लागली. वसाहतीतील घरे अनेकदा कौन्सिलच्याच मालकीची असतात. तक्रारी आधी तिच्याकडेच येतात.

४८ तासांत काय घडते?

कारवाईचे दोन टप्पे आहेत. पहिला नोटिशीचा. निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा कौन्सिलला, या जागेच्या वापरामुळे लोकांना उपद्रव झाला आहे किंवा लवकरच होणार आहे, अथवा जागेच्या आसपास गोंधळ होतो आहे, असे मानण्यास सबळ कारण हवे. नोटीस काढल्याशिवाय हे थांबणार नाही, असेही त्यांना वाटले पाहिजे. नोटीस २४ तासांची असते. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी किंवा कौन्सिलचा मुख्य अधिकारी ती ४८ तासांपर्यंत नेऊ शकतो.

नोटीस दारावर आणि आत जाण्याच्या प्रत्येक वाटेवर ठळकपणे लावावी लागते. सुनावणी कुठे, कधी आहे हे त्यात लिहावे लागते. घराबाबत आणि कायद्याबाबत सल्ला देणाऱ्या परिसरातील संस्थांची नावे आणि संपर्कही त्यात द्यावे लागतात. एक मर्यादा महत्त्वाची आहे. नोटिशीच्या टप्प्यावर घरमालकाला किंवा तिथे नेहमी राहणाऱ्याला बाहेर काढता येत नाही. येणारे-जाणारे थांबवता येतात, राहणारा नाही. त्याला बाहेर काढण्याचा अधिकार केवळ न्यायालयाला आहे.

दुसरा टप्पा न्यायालयाचा. नोटीस लागल्यापासून ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे सुनावणी व्हायलाच हवी. (नाताळचा दिवस तेवढा या हिशेबात धरला जात नाही.) येथे कसोटी थोडी कडक होते. उपद्रव ‘गंभीर’ असावा लागतो, किंवा त्या जागेत गुन्हेगारी, बेशिस्त अथवा आक्षेपार्ह वर्तन झाले आहे किंवा होण्याची शक्यता आहे, असे दिसावे लागते. त्याखेरीज, हे रोखण्यासाठी घर बंद करणे आवश्यक आहे याची दंडाधिकाऱ्यांना खात्री पटली पाहिजे. राहणाऱ्याला किंवा मालकाला बाजू मांडायला वेळ हवा असेल तर सुनावणी १४ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते आणि तोवर नोटीस चालू ठेवता येते.

आदेश निघाला तर तो जास्तीत जास्त तीन महिन्यांचा. मुदत संपण्यापूर्वी वाढ मागता येते, पण एकूण सहा महिन्यांपलीकडे तो जाऊ शकत नाही. २१ दिवसांत क्राऊन कोर्टात अपील करता येते. परिस्थिती बदलली असेल तर आदेश मुदतीआधी रद्द करण्याचा अर्जही करता येतो. आदेश मोडून आत जाणे किंवा आत राहणे हा फौजदारी गुन्हा आहे.

शेजाऱ्यांना तो इतका हवासा का वाटतो?

फौजदारी खटला म्हटला की पुरावा संशयापलीकडे हवा. साक्षीदार कोण? शेजारी. आणि आरोपी जामिनावर सुटून त्याच जिन्यावर भेटणार. त्यामुळे ‘आम्हाला काही माहीत नाही’ हेच उत्तर पोलिसांना बहुतेक वेळा मिळते. हे भित्रेपण नाही, व्यवहार आहे.

क्लोजर ऑर्डरची कार्यवाही दिवाणी स्वरूपाची आहे. पूर्वीच्या कायद्याखाली मर्सीसाइड पोलिसांच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने २००६ मध्येच स्पष्ट केले होते की, येथे फौजदारी नव्हे, दिवाणी कसोटी लागू होते. म्हणजे ‘असे घडले असण्याची शक्यता जास्त आहे’ एवढे दाखवले तरी चालते. ऐकीव पुरावाही ग्राह्य धरता येतो. शेजाऱ्यांनी न्यायालयात उभे राहण्याऐवजी त्यांच्या तक्रारी पोलीस अधिकारी आपल्या निवेदनातून मांडू शकतो, नाव न घेता. तक्रारींच्या तारखा, वेळा, सुया कुठे सापडल्या, गस्तीच्या नोंदी, छाप्यात काय मिळाले, अशी फाइल तयार होते. रात्री किती वाजता बेल वाजली याची वहीत ठेवलेली नोंद इथे खरोखर कामी येते.

आणि परिणाम लगेच दिसतो. खटला वर्षभर चालेल, पत्रे मात्र त्याच आठवड्यात लागतात. गिऱ्हाईक येते, पत्रे पाहते, परत जाते. पत्त्याला बाजारात जी ‘पत’ असते ती जाते. ज्या आजीबाईंनी महिनाभर संध्याकाळनंतर दार उघडलेले नसते त्यांना हा आदेश कायद्याच्या तत्त्वज्ञानापेक्षा मोठा वाटणारच. या दिलाशाला कमी लेखून या कायद्याची चर्चा करणे अप्रामाणिक ठरेल.

मग आत राहणारा कोण?

कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. ब्रिटनमध्ये हीच उपमा गुन्हेगारीच्या एका प्रकाराला मिळाली आहे. त्याचे नाव ‘ककूइंग’.

लंडन, लिव्हरपूल, बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहरातील टोळ्या छोट्या गावांत आणि समुद्रकाठच्या शहरांत माल विकतात. त्यासाठी एक मोबाइल क्रमांक चालवला जातो. गिऱ्हाईक त्यावर मागणी नोंदवते. त्या क्रमांकालाच ‘लाइन’ म्हणतात आणि या साऱ्या धंद्याला ‘काउंटी लाइन्स’. माल पोहोचवायला अल्पवयीन मुले वापरली जातात. पण गावात मुक्काम कुठे करायचा, माल कुठे ठेवायचा? हॉटेलात नोंद होते. म्हणून एखादे घर शोधले जाते. त्यातही एकटे राहणाऱ्याचे, मानसिक आजार असलेल्याचे, बौद्धिक अक्षमता असलेल्याचे, वृद्धाचे किंवा स्वतःच व्यसनात अडकलेल्याचे. सुरुवात मैत्रीने होते. थोडा माल फुकट, थोडे पैसे, कोणीतरी बोलायला आले याचा आनंद. मग किल्ली त्यांच्याकडे जाते. मग घरमालकच एका खोलीत कोंडला जातो आणि बाहेरच्या खोलीत पुड्या बांधल्या जातात. तो पोलिसांकडे जात नाही, कारण एक तर त्याला धमकी असते आणि दुसरे म्हणजे भाडेकरार त्याच्या नावावर असतो. जबाबदार तोच ठरणार, हे त्याला कळते.

आता क्लोजर ऑर्डरच्या नजरेने हे घर पाहा. रात्रभर वर्दळ, सुया, भांडणे. सगळ्या अटी पूर्ण. न्यायालयाने घर पूर्ण बंद केले तर टोळीचे दोन मुलगे पुढच्या बसने दुसऱ्या गावी जातात, तिथे त्यांना दुसरे घर मिळते. घर जाते ते त्या एकट्या माणसाचे. शेजारी सुटतात आणि टोळीही सुटते. अडकतो तो ज्याची आधीच लूट झाली आहे तो.

हे टाळण्याची सोय कायद्यातच आहे. न्यायालय आंशिक बंदी घालू शकते. आदेशात ठरावीक व्यक्ती सोडून इतर सर्वांना प्रवेशबंदी असे लिहिता येते. म्हणजे भाडेकरू घरात राहील, त्याची काळजी घेणारा, परिचारिका, समाजसेवक येऊ शकतील, बाकी कोणी दारात आला तर तोच गुन्हा. पोलिसांना मग माल सापडण्याची वाट पाहावी लागत नाही, उंबरठा ओलांडणे पुरेसे ठरते. दारावर लावलेल्या त्या कागदाचा भाडेकरूलाही आधार होतो. ‘मी नाही म्हणत नाही, पण न्यायालयाने मनाई केली आहे’ असे तो सांगू शकतो. ज्याला स्वतःहून ‘नाही’ म्हणता आले नव्हते त्याच्यासाठी हे लहान नाही.

तरीही आंशिक बंदी हा पहिला विचार का नसतो, याचे उत्तर सोपे आहे. तिच्यासाठी माणसे लागतात. कोणीतरी रोज दारावर टकटक करायला हवी, व्यसनमुक्ती केंद्रात जागा हवी, कुलूप बदलायला हवे. पत्रे ठोकायला एक सकाळ पुरते. नोटीस काढण्यापूर्वी योग्य वाटेल त्या व्यक्तींशी आणि संस्थांशी सल्लामसलत करण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. पण ‘योग्य’ कोण हे नोटीस काढणाराच ठरवतो. भाडेकरूवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला किंवा समाजसेवा विभागाला त्या यादीत आणायचे की नाही, यावरच बहुतेक प्रकरणांचा निकाल ठरत असतो. तो दंडाधिकाऱ्यांपुढे ठरायच्या आधीच ठरतो.

तीन महिन्यांनी घर परत मिळते का?

कागदावर, हो. मुदत संपली की बंदी उठते. प्रत्यक्षात अनेकदा नाही. २०१४च्या कायद्याने घरभाड्याच्या कायद्यांतही एक बदल केला. क्लोजर ऑर्डरमुळे घराचा प्रवेश सलग ४८ तासांहून अधिक काळ बंद राहिला असेल, तर कौन्सिल किंवा गृहनिर्माण संघटना ते घर परत घेण्यासाठी ‘निरपवाद कारण’ म्हणून हा आदेश पुढे करू शकते. एरवी भाडेकरूला बाहेर काढणे वाजवी आहे का, हे न्यायालय तपासते. या कारणाखाली तो प्रश्नच येत नाही. भाडेकरूकडे उरतो तो मुख्यतः मानवी हक्कांचा, कारवाई अवाजवी असल्याचा बचाव. कौन्सिलच्या भाडेकरूला त्या निर्णयाचा फेरविचार मागण्याचा हक्कही आहे. खासगी घरमालकांनाही साधारण असेच कारण उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन तो एजंटमार्फत भाड्याने देणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. नोटीस त्यांनाही येते, सुनावणीत बोलण्याचा हक्क त्यांनाही आहे आणि रिकाम्या राहणाऱ्या महिन्यांचे भाडे बुडते तेही त्यांचेच.

म्हणजे तीन महिन्यांच्या तात्पुरत्या आदेशातून कायमचे घर जाण्याची वाट निघते. ते घर दिवाणी कसोटीवर, ऐकीव पुराव्यावर, दोन दिवसांच्या पूर्वसूचनेने बंद झालेले असते. त्यापुढे आणखी एक दार आहे. बेघर व्यक्तीला मदत करण्याचे बंधन इंग्लंडमधील कौन्सिलवर आहे, पण ती व्यक्ती ‘स्वतःच्या वर्तनामुळे बेघर’ झाली असे ठरले तर ते बंधन बरेच सैल होते. ज्याच्या घरात कोकिळेने अंडे घातले त्याने ते घालू दिले का, हा प्रश्न मग कोणीतरी अधिकारी टेबलावर बसून ठरवतो.

पत्रे निघाल्यावर काय?

धंदा हलतो, संपत नाही, ही टीका जुनी आहे आणि ती अर्धी बरोबर आहे. एक घर बंद झाले की गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जाते, हे कोणताही पोलीस सांगेल. पण प्रत्येक स्थलांतरात टोळीचे काही नुकसान होतेच. नवे घर शोधावे लागते, गिऱ्हाइकांना नवा पत्ता कळवावा लागतो, नवा माणूस जाळ्यात ओढावा लागतो. एकाच वस्तीत लागोपाठ घरे बंद झाली आणि त्याच वेळी ‘लाइन’ चालवणारा क्रमांक शोधून काढला गेला तर धंदा खरोखर मोडतो. नुसते एक घर बंद करून फाइल मिटली तर शेजारच्या इमारतीला तो धंदा भेट म्हणून जातो.

ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या गुन्हे आणि पोलीस विधेयकात यातल्या दोन गोष्टींना हात घातला. ‘ककूइंग’ हा स्वतंत्र गुन्हा करून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास सुचवला. म्हणजे घरात शिरलेली टोळी घर बळकावण्याबद्दलच दोषी ठरू शकेल. हे योग्य दिशेचे आहे. याच विधेयकात नोटीस काढण्याचा अधिकार गृहनिर्माण संघटनांनाही देण्याची तरतूद मांडण्यात आली. ही मात्र काळजीची बाब आहे. जी संघटना घराची मालक आहे, जिला तो भाडेकरू नकोसा झाला असू शकतो, तिलाच ही कारवाई सुरू करण्याचा अधिकार देणे म्हणजे दंडाधिकाऱ्यांना अधिक सावध राहावे लागणार.

न्यूयॉर्क आणि नेदरलँड्सने काय शिकवले?

न्यूयॉर्क शहराने १९७७ मध्ये ‘सार्वजनिक उपद्रव निवारण’ कायदा केला तो टाइम्स स्क्वेअर परिसरातील देहविक्रय आणि तत्सम धंदे रोखण्यासाठी. पुढे पोलिसांनी तो अमली पदार्थांचा संशय असलेल्या घरांवर वापरला. २०१६ मध्ये ‘प्रोपब्लिका’ आणि ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’ यांनी मिळून केलेल्या शोधपत्रकारितेतून दिसले की, पोलीस अनेकदा केवळ एकतर्फी बाजू ऐकवून न्यायाधीशांकडून घर बंद करण्याचे आदेश मिळवत होते. गुन्हा सिद्ध न झालेली माणसे घराबाहेर फेकली जात होती. घर परत हवे असेल तर एखाद्या मुलाला किंवा भावाला कायमचे घराबाहेर ठेवण्याच्या अटीवर कुटुंबे सह्या करत होती. या बातम्यांना २०१७चे लोकसेवेसाठीचे पुलित्झर मिळाले आणि त्याच वर्षी शहराने कायद्यात सुधारणा केल्या.

नेदरलँड्समध्ये न्यायाधीशाची वाटही पाहावी लागत नाही. अफू कायद्याच्या कलम १३ब नुसार महापौर स्वतः घर बंद करू शकतो. १९९९ मध्ये दुकाने, बार अशा जागांसाठी आलेली ही तरतूद २००७ मध्ये राहत्या घरांना लागू झाली आणि २०१९ पासून लागवडीची वा निर्मितीची तयारी सापडली तरी ती वापरता येते. महापौरांनी ती इतक्या मुक्तपणे वापरली की, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाला गेल्या काही वर्षांत वारंवार सांगावे लागले : घरात लहान मुले आहेत का, राहणाऱ्याचा दोष किती, त्याला परत घर मिळेल का, हे पाहिल्याशिवाय टाळे लावू नका. इंग्लंडने राहणाऱ्याला बाहेर काढण्याचा निर्णय पोलिसांकडे न ठेवता न्यायालयाकडे ठेवला, ही गोष्ट या दोन उदाहरणांपुढे शहाणपणाची ठरते.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

आपल्याकडे पत्ता नव्हे, माणूस हद्दपार होतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याखालील तडीपारी दोन वर्षांपर्यंत असू शकते आणि ती न्यायालय नव्हे, पोलीस किंवा महसूल अधिकारी ठरवतात. हा असाधारण उपाय आहे, जपून वापरा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात बजावले.

घराबाबत बोलायचे तर १९८५च्या एनडीपीएस कायद्याचे कलम २५ आहे. आपली जागा अशा गुन्ह्यासाठी ‘जाणूनबुजून’ वापरू देणाऱ्या मालकाला किंवा ताबेदाराला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. पण ही शिक्षा आहे, खटल्याच्या शेवटी मिळणारी. शेजाऱ्याला आज रात्री झोप लागावी यासाठी ती उपयोगाची नाही. याच कायद्यातील कलम ६८एफ मालमत्ता गोठवण्याची मुभा देते, मात्र ती अमली पदार्थांच्या पैशातून मिळवलेल्या मालमत्तेसाठी. भाड्याच्या खोलीत चालणाऱ्या अड्ड्याला ती लागू पडत नाही.

क्लोजर ऑर्डरच्या सर्वांत जवळ जाणारी भारतीय तरतूद अमली पदार्थांच्या कायद्यात नाहीच. ती आहे १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १८ मध्ये. सार्वजनिक ठिकाणापासून २०० मीटरच्या आत कुंटणखाना चालत असेल तर दंडाधिकारी सात दिवसांची कारणे दाखवा नोटीस देऊन, म्हणणे ऐकून, जागा रिकामी करायला लावू शकतात. पुढे एक वर्ष, आणि तिथे अल्पवयीन मूल सापडले असेल तर तीन वर्षे, त्यांच्या परवानगीशिवाय ती भाड्याने देता येत नाही. न्यायालय, नोटीस, सुनावणी, मुदत हे सारे आपल्याच कायद्याच्या पुस्तकात सत्तर वर्षांपासून आहे. अपिलाची दारे त्यात बंद आहेत, हा मात्र त्याचा मोठा दोष.

या मधल्या पोकळीत बुलडोझर शिरला. पंजाबमध्ये २०२५ मध्ये सुरू झालेल्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत तस्करीचा आरोप असलेल्यांची घरे पाडली गेली, कारण दिले गेले ते बेकायदा बांधकामाचे. त्याआधी, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, कोणी आरोपी आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही. किमान १५ दिवसांची नोटीस आणि सुनावणी हवी, नियम मोडणारा अधिकारी स्वतः जबाबदार. पाडलेले घर तीन महिन्यांनी परत उघडता येत नाही. ज्या आईच्या नावावर ते होते, तिचा मुलगा निर्दोष सुटला तरी नाही.

म्हणून महाराष्ट्राने क्लोजर ऑर्डर जशीच्या तशी उचलावी का? पुण्याजवळ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत २०२४ मध्ये उघड झालेला एमडीचा कारखाना किंवा नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याआधी सापडलेला कारखाना हे या कायद्याचे लक्ष्यच नव्हे. तिथे छापा आणि खटला हाच मार्ग. प्रश्न आहे तो चाळीतल्या, सोसायटीतल्या, पेइंग गेस्टच्या खोलीतल्या अड्ड्याचा. आणि तिथे एक फरक विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्ये घर बंद झालेल्याला, कितीही अपुरे असले तरी, कौन्सिलचे दार ठोठावता येते. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत आजी, आई आणि दोन लहान भावंडे राहतात आणि थोरला पुड्या विकतो. त्या खोलीला टाळे लावले तर बाकीच्या चौघांनी कुठे जायचे याचे उत्तर कोणत्याही सरकारी कार्यालयात नाही. अशा घरासाठी आंशिक बंदीच शोभते : कुटुंब आत, थोरल्याची गिऱ्हाइके बाहेर. पूर्ण टाळे शोभते ते रिकाम्या पडलेल्या खोल्यांना, कोणी राहत नसलेल्या पण दर दोन महिन्यांनी नव्या नावाने भाड्याने जाणाऱ्या फ्लॅटला आणि भाडे दुप्पट मिळते म्हणून डोळे मिटून बसलेल्या मालकाला.

तूर्त सोसायटीच्या हाती आहे ते एवढेच. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवली गेली आहे का हे पाहणे, घरमालकाला लेखी कळवणे (कळवल्यानंतर ‘मला माहीतच नव्हते’ हा त्याचा बचाव दुबळा होतो), आणि केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘मानस’च्या १९३३ या हेल्पलाइनवर नाव न सांगता माहिती देणे. तारीख आणि वेळ लिहिलेली वही मात्र आजपासून ठेवता येते. कायदा उद्या कोणताही आला, तरी दंडाधिकारी आधी तीच मागतील.